तिरडीवर मी होतो आणि आईला माहीत नव्हतं

मंडळी, आज दुपारी मी मेलतो.

मित्रांच्या शॉर्टफिल्ममध्ये मला मढ्याचा रोल होता. नाकात कापूस, गळ्यात हार घालून पोरांनी मला आमच्याच गल्लीत तिरडीवर निजवलं. आई वडवणीच्या बाजाराला गेलती, म्हणून तिला कुणी काही सांगितलंच न्हाई.

ती लवकर परत आली. हातातली पिशवी टाकून धावली, माझ्या छातीवर पडली आणि तिनं हंबरडा फोडला.

मी उठणारच होतो, तेवढ्यात डायरेक्टर गण्या हळूच म्हणाला, "हलू नको बे! असा शॉट परत मिळायचा न्हाई."

मी श्वास रोखून धरला.

शॉट संपल्यावर उठून बसलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची काकू आईला म्हणाली, "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. पोराचं वाढलं म्हण."

आई म्हणाली, "आन् माझं घटलं, त्याचं काय?"

आता तो शॉट ग्रुपवर फिरतोय. सगळे विचारतायत, "ही बाई कोण? लई भारी अभिनय!"

तुमीच सांगा, ती माझी आई हाय हे सांगायला मला तोंड हाय का?