आईच्या पायांची आग थांबली तेव्हा

मंडळी, आज सकाळी शांती नगरच्या मेडिकलमध्ये एक बाई अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मागत होत्या. "मिस्टरांना डायबेटिस आहे. या गोळ्यांनी पायांची आग एकदम थांबली. आता डॉक्टर कशाला?"

मला राहवलं नाही.

नव्वदच्या दशकात मोरवा या आमच्या किनाऱ्यावरच्या गावी माझी आई अनवाणी मासळी वाळत घालायची. डायबेटिसने तिचे तळवे जळायचे. अशाच गोळ्या मीच आणून दिल्या. महिन्याभरात म्हणाली, "आग न्हाय होत आता." आम्ही देवीला नारळ फोडला.

खरं तर साखरेने नसा मेल्या होत्या, पाय बधिर झाले होते. माशाचा काटा रुतून जखम चिघळली, तरी तिला कळलंच नाही. पाय कापावा लागला.

बाईंना म्हटलं, "आधी त्यांचे तळवे बघा."

दर सणाला आम्ही आईच्या पाया पडायचो. तळवे एकदाही पाहिले नाहीत. तुम्ही पाहता?