परातीतलं पिवळं पाणी
सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, माझ्या काविळीवरचा इलाज डॉक्टर सोडून अख्ख्या दारव्ह्याला ठाऊक होता. परवा पानाला चुना लावताना त्या वासानं पंचवीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. मी विशीतला, डोळे हळदीसारखे, आणि घरात शब्द चालायचा तो आत्याचा. तिनं बोलावलेला वैदू रोज माझ्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या पाण्यात धुवायचा. पाणी पिवळंधमक झालं की कावीळ उतरली म्हणून आत्या हात जोडायची. मग तो कडूजहर काढा पाजायचा आणि मी भडाभडा ओकायचो. त्या दुपारी मला तपासायला घरी आलेले डॉक्टर हे पाहून वैतागले. "बाई, याच्या यकृताच्या पेशी सुजल्यात. त्या आपोआप भरून येतील, पण काढा बंद करा, नाहीतर पोरगा हातचा जाईल!" "मंग पानी पिवळं काहून होते?" आत्या फणकारली. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या, तोच रस स्वतःच्या हातांना चोळला आणि परातीतल्या ताज्या चुन्याच्या पाण्यात बुडवला. पाणी पिवळंधमक! सुटलो, असं मला वाटलं. पुरावा आजही मला बिनतोड वाटतो. आत्यानं परातीत डोकावून छाती बडवली, "अवो माय, डाक्टरसायबालेबी कावीळ झाली! पाजा त्याईलेबी काढा!"