थर्झाच्या हातची सुई

ॲम्ब्रोजचा ट्रम्पेटर मासा मरत नाही, असं होबार्ट बंदराच्या धक्क्यावर सगळे म्हणायचे. खोल खडकावरून वर ओढलेल्या या पट्टेरी माशाच्या पोटातली हवा फुगते आणि तो उलटा तरंगतो. पराखाली पोकळ सुई नेमकी टोचली, की हवा निघते, मासा सावरतो आणि बोटीच्या पोटातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत राहतो. केसभर चूक झाली, की संपलं. मेलेल्याला धक्क्यावर गिऱ्हाईक नसे.

ॲम्ब्रोजचा हात कापू लागला, तेव्हा सुई त्याच्या बायकोनं, थर्झानं घेतली. शिडं शिवून तिची बोटं तयार झालेली. दोन वर्षं ती टोचत होती आणि कौतुक त्याचं होत होतं. बोटीत खाली चहा उकळत ती ते ऐकायची. तिला ते आवडायचं.

मार्चमधल्या एका फेरीत तिला ताप भरला. "आज मी टोचतो. बघ, कुठे कापतोय हात?" तो म्हणाला. तेव्हा खरंच कापत नव्हता. तिनं अडवलं नाही.

धक्क्यावर टाकीचं झाकण उघडलं, तर एकोणीस पांढरी पोटं वर.

"काय रे, झोपलेत का तुझे मासे?" व्यापारी हॉरेस ओरडला. "हात गेला वाटतं म्हाताऱ्याचा! बोट विक आता आणि कोंबड्या पाळ!"

समुद्र सुटला तर आपला नवरा वर्षभर जगणार नाही, हे थर्झाला ठाऊक होतं. ती शालीसकट वर आली.

"मी टोचले. मीच हट्ट धरला होता."

"बायकोच्या हाती सुई? अरे, तिला मोजे रफू करायला दे!"

सगळे हसले. ॲम्ब्रोजनं तिच्याकडे पाहिलं. तो आता बोलेल, असं तिला वाटलं.

"पुन्हा नाही आणणार तिला," तो म्हणाला आणि त्यांच्यासोबत हसला.

घरी परतताना तो म्हणाला, "तोंडातून निघून गेलं गं. आता तुला नेलं तर लोक..."

"कळलं मला."

सोमवारी तो एकटाच निघाला. गावच्या धक्क्यावर चार माणसं उभी होती, म्हणून थर्झा पुढे झाली नाही. खुंटाला बांधलेला बोटीचा दोर त्याच्या बोटांतून दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्यानं तो दातांनी ओढून सोडवला. तिनं ॲप्रनच्या खिशातले हात बाहेर काढले नाहीत.