नानांच्या ताटातला घास

सोमवारी सकाळी शेजारच्या नानांची मांजर, मनी, जागची उठेना. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नानांना विचारलं, "खायला काय देता?"

"माझ्या ताटातला घास. कालवणभात." नानी गेल्यापासून त्या घरात जेवणारे हे दोघेच.

कालवणातला कांदा-लसूण मांजराला विष असतो, डॉक्टर म्हणाले. खाऊ द्यायचाच तर उकडलेला मासा द्या. बिनमिठाचा, काटे काढून, थोडासाच.

आपण जीव लावतो तो आपल्याच चवीने. आपल्याला आवडतं ते दुसऱ्याला मानवतं का, हे विचारायचं राहून जातं.

मनी चार दिवस दवाखान्यात होती. ती घरी आल्यावर मी नानांबरोबर बाजारात गेलो. कांदेवाली म्हणाली, "कांदा नको? नाना, चातुर्मास धरला का काय?" मग पिशवीतले बांगडे पाहून हसली, "आन् हे चालतंय व्हय!"

"एका ताटात जेवायचं तर दोघांना चालायला हवं, बाई," नाना म्हणाले.

दुपारी त्यांनी बांगडा नुसता उकडला. मीठ स्वतःच्या वाट्यावर नंतर घेतलं. काटे काढून एक तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. मनीने तो हुंगला आणि खाल्ला.