अब्बांनी सालासकट खाल्लेली कोळंबी

माझा बाप राजमहंमद कागदी. जुन्नरात कागद करायचा आमचा पिढीजात धंदा. चुन्यात भिजवलेला लगदा तुडवायचा, हौदात ढवळायचा, साच्यावर एकेक ताव उचलायचा. चुन्यानं अब्बांची बोटं बारमाही उललेली. बाजारात गिरणीचा कागद आला तरी त्यांचा ताठा तसाच. ताव उजेडात धरून बघायचे आन् बारीक खडा दिसला तरी परत हौदात टाकायचे.

असल्या माणसाला मी हसले. जळलं माझं तोंड!

मला दिली कल्याणला, खाडीकाठी. सासरी रोज ताजी मासळी. आमी घाटावरची माणसं, सुकटीपलीकडं आमाला काय ठावं? सासू सायराबानू उठता-बसता म्हणायची, "घाटी ती, तिला काय कळतं!" पहिल्यांदा कोळंबी सोलताना माझ्या बोटातनं रगत आलं, तर सारं घर हसलं. मग मी ईर्षेनं शिकले. आदी मुंडकं मोडायचं, पायांकडनं टरफल उलगडायचं, शेपटी चिमटीत धरून हळूच वडायची. दोन महिन्यांत माझ्याएवढं झटपट कुणी सोलत नव्हतं. मला वाटलं, आता माझं घाटीपण गेलं.

वर्षानं अब्बा नाणेघाट उतरून मला बघायला आले. दोन दिवसांची चाल. सासूनं त्या दिवशी मुद्दाम अख्खी कोळंबी रांधली, मुंडक्या-टरफलासकट. मी म्हणलं, "चार सोलून ठेवू का?" तर म्हणाली, "काही नको. बघू तरी, व्याही कसे खातात!"

घरातले पुरुष बंदरावर गेले व्हते. त्यामुळं अब्बांना एकट्यालाच ताट वाढलं. कुणाचं बघून खावं, तर शेजारी कुणीच न्हाई. "घ्या व्याही, लाजू नका," म्हणून सासू आत आली आन् आमी सगळ्या बायका दाराआड उभ्या राहिलो.

अब्बांनी एक कोळंबी उचलली, उलटीपालटी करून बघितली आन् तशीच तोंडात घातली. कराकरा चावली. डोळ्यांतनं पाणी आलं, पर थुकले न्हाईत. लेकीच्या घरचं अन्न पानात कसं टाकायचं? दुसरी घेतली, तिसरी घेतली. बायका तोंडात पदर कोंबून हसत व्हत्या. सासू माझ्याकडं बघत व्हती. "अब्बा, टरफल काढा," एवढंच म्हणायचं व्हतं मला. त्याच्याऐवजी मी हसले. तेबी मोठ्यानं.

माझं हसणं अब्बा लहानपणापासनं वळखत व्हते. त्यांचा हात थांबला. दाराकडं मातुर बघितलं न्हाई. ताट चाटूनपुसून साफ केलं.

निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई झ्याक जेवलो, पोरी," म्हणाले. ओठाच्या कोपऱ्यात रगत व्हतं.

पुढच्या सालात दोनदा त्यांचा निरोप आला, येऊ का म्हणून. दोन्ही येळा मीच नको म्हणलं. एकदा म्हणलं, घाट निसरडा झालाय. एकदा म्हणलं, घरात आजारपण हाये. खोटंच सांगितलं. पुन्यांदा त्यांना हसतील, मलाबी हसतील, याचं भ्या वाटायचं.

मग तापानं अब्बा गेल्याचाच सांगावा आला. जुन्नरात पोचले तवर माती झालेली. अंगणात भिंतीकडंला बारीक टरफलांचा ढीग दिसला, वाळून पांढरा पडलेला.

"हे काय गं, अम्मा?"

"झिंगे, नदीतली कोळंबी. भागू ठाकर कुकडीतनं आणून द्यायचा," अम्मा म्हणाली. "दर बाजाराला आणवायचे. मी रांधून द्यायची आन् हे हितं बसून एकेक सोलायचे. उललेल्या बोटांत तिखट-मीठ जायचं, तोंड वाकडं करायचे, तरी सोलायचे. म्हणायचे, आता लेकीला खाली बघावं लागणार न्हाई."

मी ढिगाशेजारीच बसले.

"आलं व्हतं का गं त्यांना सोलायला?"

"आलं व्हतं की," अम्मा म्हणाली. "म्हणून तर तुला दोनदा निरोप धाडला."