कोऱ्या कागदाचं इतिवृत्त

शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलावर कॉम्प्युटर होता, कीबोर्ड होता, हेडफोन होता. मॉनिटर तेवढा नव्हता. मला दिसत नाही, मग मॉनिटर हवाय कशाला, असा विचार करून बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, तो काढून गेटवरच्या कॅमेऱ्याला जोडला. तेव्हापासून त्यावर दिवसभर भोकरदनची कुत्री दिसत म्हणे. मीही हरकत घेतली नाही. डबा ठेवायला जागा झाली.

काम माझं टायपिंगचं. स्क्रीनवर जे असेल ते कानात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर. त्यातल्या बाईचा वेग मी इतका वाढवून ठेवलाय की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर त्याला नुसती शिलाई मशीन ऐकू येते. आणि आम्हा ऐकून काम करणाऱ्यांची एक खोड असते. त्या बाईला आम्ही वाक्य पुरं करू देत नाही. पहिला अर्धा शब्द आला की पुढचं बटण दाबायचं, की ती गप्प. सासरी मी कुणाशी असं वागले असते तर माझी धडगत नव्हती.

सगळं छान चाललं होतं आणि ऑफिसात लिहिण्याचं नवीन सॉफ्टवेअर आलं.

जुन्यात मेनू शहाण्यासारखे एकाखाली एक उभे असत. नव्यात वर एक आडवी पट्टी, पट्टीत खण, खणात कप्पे. सुट्टीवरून घरी यावं आणि मधल्या काळात जाऊबाईंनी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवून ठेवलेले असावेत, तसं झालं. मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ लावले, तर शिकवणारा प्रत्येक वाक्यात म्हणतोय, "आता इथं क्लिक करा, मग हे निवडा." कुठं रे बाबा? नाव घ्यायला तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय का?

माझी बडबड बडेबाबूंच्या कानावर गेली.

"ताई, कशाला डोक्याला ताप करून घेऊन राह्यल्या?" ते म्हणाले. "फोनवर बसा तुम्ही. बिलकुल आराम हाय."

फोन म्हणजे मोठ्या सरांच्या, आमच्या मुख्याध्यापकांच्या, केबिनबाहेरचा. तो वाजलाच तर राँग नंबर असतो. मोठ्या सरांनी मान डोलावली असावी, कारण त्यांची खुर्ची कुरकुरली. शेवटी ठरलं असं, की पालक समितीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त मी नव्या सॉफ्टवेअरवर करून द्यायचं. जमलं तर टेबल माझं, नाहीतर मी फोनवर.

मला रडू आलं नाही, संताप आला. लग्नात जा, बारशाला जा, मला बघितलं की लोक आधी खुर्ची ओढतात. बसा, बसा, तुम्ही काही करू नका. हातात पाण्याचा ग्लास देतात आणि विसरून जातात. माझं टेबल ही एकच जागा अशी होती जिथं कुणी मला 'बसा' म्हणत नसे. तिथं लोक येऊन विचारत, 'झालं का?' ते टेबल मी कुणाच्या बापाला देणार नव्हते.

मग हसनाबादहून भोकरदनला येताना बसमध्ये बसल्या बसल्या मी बटणांचे क्रम पाठ करायला लागले. शेजारच्या बाईंनी एकदा हळूच विचारलं, "कोन्या देवाचा जप हाय?" मी म्हटलं, "देव नवीन हाय, अजून पावला न्हाई." ऑफिसात पट्टी चाचपडत फिरताना एक दिवस शोधायची चौकट सापडली. तिच्यात हव्या त्या गोष्टीचं नाव टाइप केलं की सॉफ्टवेअर ती गोष्ट स्वतःच आणून देतं. हे आधी सांगितलं असतं तर त्या व्हिडिओवाल्याच्या सात पिढ्या माझ्या शिव्यांतून वाचल्या असत्या.

समितीच्या पुढच्या सभेच्या दिवशी दुपारपर्यंत माझं इतिवृत्त तयार होतं. मथळा मधोमध, ठराव क्रमानं, हजेरीची नावं ओळीनं. शेवटी वाटलं, समितीवर वयस्कर माणसं आहेत, अक्षर जरा मोठं करावं. सगळा मजकूर निवडला आणि पाठ झालेली बटणं तोऱ्यात धडाधड दाबली. बाई काहीतरी सांगायला लागली. मी सवयीनं तिला मध्येच तोडलं. मग मजकूर पुन्हा पहिल्यापासून ऐकला, कुठं खोट नव्हती. प्रिंट काढले, कागद गरम गरम उचलले आणि सभेत स्वतःच्या हातानं वाटले.

कागद उलटल्याचा आवाज आला. कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, सगळे वाचताहेत.

"चांगलं झालंय," मोठे सर म्हणाले. "मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं का?"

"कायम, कायम," सगळे म्हणाले. बडेबाबू म्हणाले, "एकदम बराबर." माझी मान ताठ झाली.

तेवढ्यात कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला. धावडा गावच्या एक बाई समितीवर नव्यानंच आल्या होत्या, पहिलीच सभा त्यांची.

"काय कायम करून राह्यले? कागद त कोरा हाय! कोनी केलं हे?"

कुणीतरी कुजबुजलं, "अहो, त्यान्ला दिसत न्हाई."

"न्हाई दिसत त न्हाई दिसत. तुमाला त दिसतंय ना? मंग तुमी कशावर मान हलवून राह्यले?" आणि मग माझ्याकडं वळून, "ओ ताई, हे नीट करून आना. जल्दी. माझी बस जाईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलाशी जाऊन अक्षरांची माहिती विचारायची बटणं दाबली. या वेळी बाईला पूर्ण बोलू दिलं. अक्षर तेवढंच होतं, रंग मात्र पांढरा. आकाराच्या ऐवजी मी रंगाच्या कप्प्यात शिरले होते आणि पांढऱ्या कागदावर पांढरं इतिवृत्त लिहून बसले होते. रंग काळा केला, आकार वाढवला, दोन्ही शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतले आणि पुन्हा प्रिंट काढले. परत आले तेव्हा सभेत अजून चहाच चालला होता.

"आता कसं," धावड्याच्या बाई म्हणाल्या, आणि इतिवृत्त दुसऱ्यांदा कायम झालं.

सभा संपल्यावर मी मोठ्या सरांना विचारलं, "कागद कोरा दिसत होता, तर मला का नाही सांगितलं?"

खुर्ची कुरकुरली. मग ते म्हणाले, "म्हटलं, तुम्हाला वाईट वाटंल."

आता खरंच वाईट वाटलं. म्हणजे इतकी वर्षं माझे किती कागद असेच कायम झाले असतील, कुणाला ठाऊक. टेबल माझं होतं, पण त्यावरही ही माणसं मला 'बसा'च म्हणत होती, फक्त तोंडानं बोलत नव्हती. माझ्या कामाला चुकीचं म्हणण्याइतकं खरं एकट्या त्या धावड्याच्या बाईंनी मानलं होतं, आणि त्या तर बस धरायला निघूनही गेल्या.

"मंग ताई, फोनचं काय ठरलं?" बडेबाबूंनी हळू आवाजात विचारलं.

"फोन तुम्हीच उचला. मला माझा मॉनिटर परत द्या."

"तुमाला कशाला मॉनिटर?"

"मला नको आहे. तुम्हाला पाहिजे. येता-जाता बघायचं, आणि चूक दिसली की तोंडावर सांगायची."

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांचा मॉनिटर माझ्या टेबलावर आला आणि डबा खाली गेला. चार दिवस बडेबाबू पाठीमागून नुसते जात-येत राहिले. पाचव्या दिवशी त्यांची पावलं थांबली आणि ते खेकसले, "ताई, हा तक्ता पार पानाच्या भाईर गेला ना! ध्यान कुठं हाय?"

मी हेडफोन काढला आणि तसंच खेकसून विचारलं, "कोणती ओळ?"