आबाला दिसलं

"बस, बस. बंद कर."

दोन ओळी झाल्या होत्या माझ्या. पाठ होती दोन पानं. महिनाभर संडासाच्या आरशासमोर उभा राहून घोटलेली. एका मुलाचं भाषण होतं, घर सोडून जाताना बापाशी भांडतो तो. गुजरातीतलं. माझ्या जिभेवर खानदेश येऊ नये म्हणून मी एकेक शब्द धुऊन काढला होता.

सुरतेतल्या वेसूमधलं ऑफिस. काचेचा दरवाजा, एसी इतका की घाम गारठलेला. टेबलामागे डायरेक्टर, त्याच्याजवळ एक मॅडम, एक मोबाईल धरून उभी असलेली असिस्टंट. डायरेक्टर माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "क्यां रहे छे?"

"बमरोली."

"हां, एटले." बमरोली म्हणजे लूमवाल्यांची वस्ती, त्याला सगळं कळलं. "घरमां लूम पर कोण?"

"पप्पा."

"तो आ बधुं छोड. लूमवाळो बहेरो कारीगर केवी रीते बोले, ए करी बताव."

पानं माझ्या हातात तशीच. मी म्हणायला पाहिजे होतं, साहेब, माझी अजून जवळजवळ दोन पानं बाकी आहेत. नाही म्हणालो. मी पानं खुर्चीवर ठेवली, मान पुढे काढली, तळहात कानामागे धरला, डोळे फाडले आणि ओरडलो, "हें?"

तिघं हसले. मॅडमने टिश्यू घेतला डोळ्यांना. असिस्टंट म्हणाली, एक मिनिट, एक मिनिट, शूट करते, परत कर. मी परत केलं. अजून मोठ्याने कर म्हणाले. केलं. तो आबा होता. माझा बाप. मी त्याला काढून त्या टेबलावर ठेवला होता आणि ते पोट धरून हसत होते.

मला रोल मिळाला. आणि खरं सांगतो, आज सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. उतरताना लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघून हसलो.

आबा अठ्ठावीस वर्षं लूमच्या खात्यात आहे. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. बारा तास खटाखट, खटाखट. बाहेरचा माणूस पाच मिनिटांत कान दाबून पळतो. आबाचे कान कधी गेले ते कुणालाच कळलं नाही, त्यालाही नाही. एक दिवस त्याच्याबरोबर खात्यात गेले असतील ते तिथेच राहिले. खात्यात कोण बोलत नाही. हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांवर पिळली म्हणजे तार, सुताचा धागा, तुटली. पोटावर हात फिरवला म्हणजे शेठ आला. अंगठा ओठाला लावला म्हणजे चहा. आणि तळहात पालथा करून खाली दाबला म्हणजे मशीन बंद कर. बाकीचं सगळं ओठांवर. बारा मशिनींच्या पलीकडून माणूस काय पुटपुटतो ते आबा वाचतो. अहिराणी, हिंदी, शेठची गुजराती, सगळं वाचतो. उडियासुद्धा थोडं थोडं. घरी आई त्याला शिव्या देताना पाठ फिरवून देते, म्हणजे पोहोचत नाहीत.

पण त्याचा स्वतःचा आवाज मात्र सुटलेला. दुकानात, बसमध्ये, सगळीकडे ओरडून बोलतो. त्याला वाटतं लोकांनाच ऐकू येत नाही.

मी पाचवीत होतो, महापालिकेच्या मराठी शाळेत. पालकसभेला आबा आला आणि बाईंसमोर कोकलला, "मना पोऱ्या कसा शे?" वर्गाबाहेर पोरं फिदीफिदी. दुसऱ्या दिवशी मला चिडवणार हे मला माहीत होतं. म्हणून मीच आधी केलं. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून मान पुढे, हात कानामागे, "हें?" पोरं माझ्या बापाला हसली आणि माझ्यावर खूश झाली. त्या दिवसापासून मी नकला करणारा. गॅदरिंगमध्ये नंबर, गल्लीच्या गणपतीत नंबर. माझी अॅक्टिंग कुठून सुरू झाली विचारलं तर तिथून झाली. बापाला विकून.

रोल मिळाल्याचं घरी सांगितलं तेव्हा आबाने समोर बसवून विचारलं, "पार्ट काय शे?"

मी म्हणालो, "कारीगरना."

"मंग आपलाच शे ना!" आबा म्हणाला. केवढा आनंद त्याला. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्याला कळलं की याचा पोऱ्या पिच्चरमा शे.

प्रोडक्शनवाल्यांना लूमचं खातं पाहिजे होतं शूटिंगला. मीच पुढे झालो, मीच आबाला शेठकडे पाठवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी खातं मिळालं, अट एवढीच की मशिनींजवळ आपला कारीगर पाहिजे. म्हणजे आबा. त्या दिवशी आबाने पांढरा शर्ट घातला, माझ्या बहिणीच्या लग्नातला, इस्त्रीचा. खिशात कुंकवाची पुडी, हातात नारळ. मी विचारलंच नाही कशाला. मला मेकअपला जायची घाई होती. मेकअप म्हणजे काय, तोंडाला मशीनचं काळं ऑइल आणि कानातून बाहेर लोंबणारे कापसाचे बोळे. ते दिसले पाहिजेत म्हणून मोठे मोठे.

दसऱ्याला खात्यात प्रत्येक मशिनीला कुंकू लावतात. नवीन मशीन आली तरी लावतात, त्याशिवाय खटका दाबत नाहीत. आबाने कॅमेरा बघितला. मोठा, काळा, तीन पायांवर उभा. नवीन मशीन. त्याने पुडी सोडली, अंगठा बुडवला आणि शांतपणे कॅमेऱ्याकडे गेला.

"एय! हाथ नहीं! एय!"

त्याला काय ऐकू येणार. तो पोहोचला. कॅमेरावाल्याने त्याचं मनगट पकडून असं झटकलं की पुडी उडाली. पांढऱ्या शर्टावर सगळं लाल. नारळ गडगडत मशिनीच्या बीमखाली, सुताच्या मोठ्या रुळाखाली गेला. "कौन है ये? किसने अंदर छोडा इसको?"

सगळे थांबले. डायरेक्टरने माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, "तारा पप्पा छे?"

मी त्याच्याजवळ उभा होतो. आबा दहा पावलांवर. कानात कापूस, तोंडावर ते मशीनचं काळं ऑइल माझ्या. मी दात काढले. मी म्हणालो, "बहेरा छे, सर. एने कंई अक्कल नथी. जवा दो ने."

तो हसला. मीही हसलो.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होता.

अरे, त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं! त्या खात्यात त्या वेळी पंचवीस माणसं असतील, त्यातल्या एकालाही कल्पना नव्हती की हा माणूस ओठ वाचतो. मला होती. त्याच्या मांडीवर बसून मी शिकलो होतो बोलायला, आवाज न करता. आणि नेमका मीच विसरलो. की विसरलो नाही, पर्वाच केली नाही? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं. उत्तर मला आवडत नाही.

आबाने खाली वाकून कुंकू गोळा करायचा प्रयत्न केला. जमिनीवर तेल, कुठलं गोळा होतंय. मग उठून मशिनीच्या कडेला जाऊन उभा राहिला, जिथे त्याला उभं राहायला सांगितलं होतं.

सीन असा होता. शेठ कारीगराला विचारतो, माल कुठे आहे. कारीगर म्हणतो, हें? शेठ परत विचारतो. हें? तिसऱ्या वेळी शेठ कानाखाली वाजवतो आणि कारीगर गोल फिरून बीमवर पडतो. झालं. पूर्ण पिच्चरमध्ये माझं काम एवढंच.

रिहर्सल झाली. डायरेक्टरला मजा आली नाही. त्याने बोट केलं आबाकडे. "एनी सामे जो. अने एना जेवुं ज कर."

म्हणजे मी आबाकडे बघून आबा करायचा होता.

मी बघितलं. आबाने हात वर केला, तळहात पालथा केला आणि खाली दाबला. मशीन बंद कर. मी लहान असताना जिन्याच्या कठड्यावर चढलो की तो खालून हीच खूण करायचा, आणि मी चढलेला असेन तिथे थांबायचो. न ओरडता थांबवायचा तो मला. या खुणेला मी आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी म्हटलं. मान पुढे काढली, हात कानामागे नेला, डोळे फाडले, थेट त्याच्या डोळ्यांत बघून ओरडलो, "हें?"

हशा. कट. टाळ्या. "क्या बात है!" डायरेक्टरने पाठ थोपटली माझी. म्हणाला, अजून एक, दुसऱ्या बाजूने घेऊ.

मी परत आबाकडे बघितलं. आबाने पाठ केली होती. भिंतीकडे तोंड करून उभा, हात मागे बांधलेले. बाकीच्यांना वाटलं असेल म्हातारा कंटाळला. पण जो माणूस डोळ्यांनी ऐकतो त्याने पाठ केली म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. शर्टाची मागची बाजू अजून पांढरीच होती, इस्त्रीची घडी दिसत होती.

"अॅक्शन!"

शेठ झालेल्या नटाने विचारलं. मी हात कानामागे नेला नाही. त्याने परत विचारलं. मी कानातला कापूस काढला. एक, मग दुसरा.

"कट! शुं थयुं?"

"नथी करवुं."

"शुं नथी करवुं?"

"आ बहेरानुं. दुसरं काहीपण द्या सर, करतो. हे नाही." गुजराती, मराठी सगळी खिचडी झाली होती माझ्या तोंडात. हिरोसारखं वगैरे काही नव्हतं त्यात.

डायरेक्टर रागावलाही नाही. कपाळावर आठीसुद्धा नाही. तो म्हणाला, "बीजुं तने आवडे छे शुं?"

दुसरं तुला येतं काय.

ती दोन पानं त्याने ऐकलीच नव्हती, आणि मीही त्या दिवशी खुर्चीवर ठेवून दिली होती. मी कापसाचे बोळे बीमवर ठेवले आणि बाहेर आलो.

आबाला शूटिंग संपेपर्यंत थांबावं लागलं, खात्याची चावी त्याच्याकडे होती. मी समोरच्या पानाच्या टपरीवर उभा राहिलो दुपारभर. तो आला तेव्हा बरोबर चालायला लागलो. आबाशी बोलायचं तर समोर यावं लागतं, तोंड दाखवावं लागतं. मी पूर्ण रस्ता त्याच्या बाजूने चाललो. समोर यायची हिंमतच झाली नाही.

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

"तू काय बोलना ते माले दिसनं."

बस. घरी गेला, शर्ट काढून बादलीत टाकला. आईने दोनदा धुतला, डाग गेला नाही.

जेवताना मी त्याच्या समोर बसलो. म्हणालो, "आबा, मनं चुकनं." त्याने मान वर केलीच नाही. ताटाकडे बघून जेवत राहिला. मी मोठ्याने म्हणालो, आईने ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. पोहोचू दिलं नाही त्याने. आजपर्यंत दिलेलं नाही. घरात बोलणं होतं, भाजी, लाईट, पाणी, सगळं होतं. मी तो विषय काढायला तोंड उघडलं की त्याची नजर खाली जाते.

पिच्चर आला. माझ्या जागी दुसराच होता, पण मान माझीच, हात माझाच. ऑडिशनची ती क्लिप दाखवून त्याला शिकवलं असणार. म्हणजे पिच्चरमध्ये माझा बाप आहेच. मी नसलो म्हणून काय बिघडलं. आता खात्याच्या दारात नवीन पोरं आबाला बघून कानामागे हात नेतात. त्याला ऐकू येत नाही, पण दिसतं. तो आत जातो आणि मशीन चालू करतो. हे मी आणून दिलंय त्याला. मी मागे हटलो म्हणून ते पुसलं जात नाही.

मागच्या आठवड्यात परत वेसूला गेलो. दुसरं ऑफिस, दुसरे लोक. दिवसभर मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधतो, सुट्टी टाकून गेलो. खिशात तीच दोन पानं, आता मऊ पडलेली. ऑडिशनची ती क्लिप इथेही फिरली होती, कास्टिंगवाल्याने मला बघितलं आणि टाळी वाजवली. "अरे, पेलो 'हें?' वाळो तुं ज ने? कर ने एक वार!"

मी हात वर केला. तळहात पालथा केला. खाली दाबला.

त्याला कळलं नाही. मी म्हणालो, "याचा अर्थ बंद. ते कधीच होणार नाही. माझ्याकडे दोन पानं आहेत, ऐकायची असतील तर उभा आहे."

त्याने घड्याळ बघितलं. नेक्स्ट म्हणाला. मी निघालो.

पुन्हा जाणार आहे. मला अॅक्टिंग सोडायची नाही, सोडून कुणावर उपकार करायचे नाहीत. हीच पानं घेऊन जाणार, ते थांबवतील तिथून पुढचं म्हणणार. आणि यापुढे कुठेही, ऑफिसात, सेटवर, चहाच्या टपरीवर, मी तोंड उघडीन तेव्हा आबा दहा पावलांवर उभा आहे असं धरून उघडीन. त्याने वाचलं तर मला मान खाली घालावी लागेल असा एकही शब्द आता माझ्या ओठांवर येणार नाही.